मापाचा वेटसूट ऑनलाइन मागवला, पण अंगाला बसला नाही. पैसे परत मिळतात का?

सिंधुदुर्ग : मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंग हा आता अनेक घरांचा रोजगार झाला आहे. मच्छीमार कुटुंबांतले तरुण गाईड म्हणून हंगामात रोज कित्येकदा पाण्यात उतरतात. त्यांना लागणारा वेटसूट तालुक्याच्या बाजारात मिळत नाही, आणि ऑनलाइन मिळणारा तयार साइजचा सूट प्रत्येकाला बसतोच असं नाही. कुणाची छाती रुंद आणि कंबर बारीक, कुणाची उंची कमी आणि मांड्या भरलेल्या. मग मोबाइलवर फॉर्म भरून मापं पाठवायची, पैसे आधी भरायचे आणि पार्सलची वाट बघायची.

पार्सल येतं आणि सूट गळ्याला आवळतो, नाहीतर पाठीत फुगतो. विक्रेत्याला फोन केला की ठरलेलं उत्तर मिळतं : "माप तुम्हीच दिलं होतं. कस्टम माल परत घेत नाही." बरेच जण इथेच गप्प बसतात. पण हे उत्तर अर्धंच खरं आहे. कायदा काय सांगतो, चूक कुणाची हे कसं ठरतं आणि तक्रार कुठे करायची, याची ही माहिती.

थोडक्यात

• मापाने बनवलेला माल "आता नको" किंवा "रंग आवडला नाही" म्हणून परत करता येत नाही.
• पण दिलेल्या मापाप्रमाणे बनवलाच नसेल, तर तो सदोष माल ठरतो. तो परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्याची.
• माप काय दिलं होतं आणि आलेला सूट किती भरतो, या दोन्ही गोष्टी लेखी असतील तरच तक्रार टिकते.
• पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही.

"कस्टम माल परत नाही" हे कितपत खरं?

शिंप्याकडे शर्ट शिवायला टाकला आणि शिवून झाल्यावर "मला नको" म्हटलं, तर शिंपी ऐकणार नाही. तो शर्ट दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. पण बाही चार बोटं आखूड शिवली असेल, तर ती दुरुस्त करून देणं त्याचंच काम. मापाच्या वेटसूटचं गणित नेमकं असंच आहे.

युरोपात ऑनलाइन घेतलेला माल १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येतो. पण तिथेही २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात ग्राहकाच्या मापाने बनवलेल्या वस्तू या सवलतीतून वगळल्या आहेत. जर्मनीतल्या एका ग्राहकाने मापाचं स्वयंपाकघर मागवलं आणि काम सुरू होण्याआधीच ऑर्डर रद्द केली. तो वाद युरोपीय न्यायालयात गेला. माल बनवायला सुरुवात झालेली नसली तरी ही सवलत मिळत नाही, असा निकाल २०२० मध्ये लागला. ब्रिटनचा नियमही मापाच्या वस्तूंना सवलतीतून वगळतो. मात्र माल ठरल्याप्रमाणे नसेल, तर तो नाकारण्याचा हक्क तिथल्या २०१५ च्या कायद्याने ग्राहकाला दिला आहे आणि तो मापाच्या मालालाही लागू होतो.

भारतात तर "१४ दिवसांत परत" असा सरसकट हक्कच नाही. सात दिवस, दहा दिवस ही मुदत त्या त्या विक्रेत्याची असते. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये "दोष" या शब्दाची व्याख्या मोठी आहे. करारात ठरलेला किंवा विक्रेत्याने सांगितलेला दर्जा मालात नसेल, तर तो दोष. ई-कॉमर्स नियम २०२० आणखी स्पष्ट आहेत : माल सदोष असेल, जाहिरातीप्रमाणे किंवा ठरल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. मापाच्या सूटमध्ये "ठरलेलं" म्हणजे काय, तर तुम्ही पाठवलेली आणि त्याने मान्य केलेली मापं. बिलावर "परत घेतला जाणार नाही" असं छापलं म्हणून ही जबाबदारी संपत नाही.

न बसणारा सूट म्हणजे फक्त गैरसोय नाही

वेटसूट अंग कोरडं ठेवत नाही. सूट आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, अंगाच्या उबेने तो गरम होतो आणि निओप्रीनमधले हवेचे बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. सूट सैल असेल तर प्रत्येक हालचालीला आतलं पाणी बाहेर आणि बाहेरचं आत. पाण्यात शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने जाते. त्यामुळे कोकणचं पाणी कोमट वाटलं, तरी दिवसभर वर-खाली करणारा गाईड संध्याकाळी कुडकुडतो.

जास्त घट्ट सूट त्याहून वाईट. छातीवर आवळला की श्वास पूर्ण भरत नाही. गळ्याला आवळला की मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब पडून नाडी मंदावू शकते, चक्कर येऊ शकते. पाण्याखाली चक्कर म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून "अंगवळणी पडेल" असं विक्रेत्याने सांगितलं, तरी गळा आणि छाती या दोन जागांवर तडजोड करू नये.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवा वेटसूट जमिनीवर घट्टच वाटतो. पाण्यात तो थोडा मऊ होतो. चढवायला दहा मिनिटं लागली म्हणजे सूट चुकला, असं नाही. चुकलेला सूट पुढील खुणांवरून ओळखावा :

• कमरेच्या मागे, काखेत किंवा आसनाजवळ मोकळी पोकळी राहते.
• सरळ उभं राहिल्यावर गुडघ्यामागे, कोपरात जाड घड्या पडतात.
• हात डोक्यावर नेले की आसन वर ओढलं जातं किंवा खांद्यावर ताण येतो.
• दीर्घ श्वास घेताना छाती अडते.
• गळ्यात एक बोटही जात नाही, बोलताना घशावर दाब जाणवतो.
• मागची चेन दुसऱ्याने जोर लावूनही वर जात नाही.

चूक कुणाची? इथेच वाद अडतो

अशा वादात चार शक्यता असतात.

पहिली, ग्राहकाचं माप चुकलं. शर्टावरून टेप लावली, एकट्याने माप घेतलं, किंवा इंच आणि सेंटिमीटरची गल्लत झाली. एक इंच म्हणजे २.५४ सेंमी, फॉर्म सेंटिमीटरमध्ये असताना ३८ लिहिलं तर काय होणार? अशा वेळी पैसे परत मागण्याचा हक्क राहत नाही. पण माणसाची छाती ३८ सेंमी असूच शकत नाही, हे बनवणाऱ्यालाही कळायला हवं. एवढी उघड चूक न विचारता कापड कापलं असेल, तर तो मुद्दा तक्रारीत जरूर मांडावा.

दुसरी, माप बरोबर होतं पण बनवणाऱ्याने ते पाळलं नाही. काही ठिकाणी "कस्टम" म्हणून जवळच्या तयार साइजमध्ये थोडा फेरफार करून सूट पाठवला जातो. जाहिरातीत "तुमच्या मापाने" म्हटलं असेल, तर ही सरळ सरळ विक्रेत्याची चूक.

तिसरी, माप आणि शिलाई दोन्ही बरोबर, पण अंग बदललं. जूनमध्ये माप दिलं, ऑक्टोबरमध्ये सूट घातला आणि मधल्या पावसाळ्यात वजन पाच किलोने वाढलं. यात विक्रेत्याचा दोष नाही.

चौथी, माप विक्रेत्याच्याच माणसाने घेतलं. व्हिडिओ कॉलवर "इथे टेप लावा, तिथे लावा" असं सांगून माप घेतलं असेल, तरी चुकीचा वाटा त्याच्याकडे जातो. तो कॉल सेव्ह केलेला असेल तर उत्तम.

पहिली आणि दुसरी शक्यता वेगळी करणारा पुरावा एकच : मापाचा कागद.

ऑर्डर देण्याआधी : माप असं घ्या

• माप दुसऱ्या माणसाकडून घ्यावं. गावातला शिंपी असेल तर सर्वांत बरं. त्याचा हात बसलेला असतो.
• अंगावर फक्त पोहण्याची चड्डी असावी. पोट आत ओढू नये, छाती फुगवू नये.
• टेप कापडी असावी, कातडीला टेकलेली पण न आवळलेली.
• उंची आणि वजन त्याच दिवशी मोजून लिहावं. आधार कार्ड काढलं तेव्हाचं वजन चालत नाही.
• गळा, छाती, कंबर, सीट, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, दंड, मनगट यांचा घेर. खांदा, बाही, पाठ आणि पाय यांची लांबी.
• एक माप बरेच जण विसरतात : खांद्यावरून पुढे, आसनाखालून घेऊन मागून पुन्हा त्याच खांद्यावर आणलेला पूर्ण घेर. सूट खांद्यात ओढतो की नाही, हे बरंचसं यावर ठरतं.
• प्रत्येक माप दोनदा घ्यावं. दोन्ही वेळा वेगळं आलं तर तिसऱ्यांदा घ्यावं.
• छाती, कंबर आणि गळा या मापांचे टेपचा आकडा दिसेल असे फोटो काढावेत.

मापं फक्त फोनवर सांगू नयेत. कागदावर लिहून, तारीख घालून, त्याचा फोटो विक्रेत्याला पाठवावा आणि "ही मापं मिळाली, याप्रमाणे बनवतो" असं लेखी उत्तर मागावं. सोबत तीन प्रश्न विचारावेत : तयार सूटची मापं किती असतील? कापड किती मिलिमीटर जाडीचं? बसला नाही तर दुरुस्ती कोण करणार आणि कुरिअरचा खर्च कुणाचा? उत्तर टाळणाऱ्या विक्रेत्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.

तयार सूटचं माप विचारण्याला कारण आहे. निओप्रीन ताणतं, म्हणून सूट अंगापेक्षा मुद्दाम लहान बनवतात. छाती ९६ सेंमी असताना सूट जमिनीवर पसरून मोजला आणि कमी भरला, म्हणजे तो चुकला असं होत नाही. तुलना करायची ती बनवणाऱ्याने कबूल केलेल्या तयार मापाशी.

पार्सल आल्यावर पहिले दोन दिवस

पार्सल फोडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढावा. लेबल, पिशवी, टॅग फेकू नये. सूट घरातच कोरड्या अंगावर घालून बघावा. समोरून, मागून, बाजूने आणि हात वर करून असे फोटो काढावेत. घड्या आणि पोकळी दिसेल असा उजेड असावा. मग सूट जमिनीवर सपाट पसरून टेप लावून मोजावा, तेही फोटोसह.

सूट पाण्यात नेला की "वापरलेला माल" असं म्हणायला विक्रेत्याला जागा मिळते. म्हणून कोरड्या अंगावरच दोष दिसत असेल तर पाण्यात उतरू नये. पाण्यात बघणं गरजेचंच असेल, तर आधी तसं लिहून विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं.

गावात शिवून घेण्याचा मोहही टाळावा. वेटसूटचे तुकडे आधी चिकटवतात आणि चांगल्या सूटची शिवण अशी असते की सुई कापडाच्या आरपार जात नाही. साध्या मशीनने टाकलेल्या प्रत्येक टाक्यातून पाणी आत येतं. शिवाय दुसऱ्याने हात लावला की मूळ बनवणाऱ्याची जबाबदारी सिद्ध करणं अवघड होतं.

पावसाळ्यात समुद्र बंद असताना मागवलेला सूट पेटीत तसाच ठेवू नये. हंगाम सुरू झाल्यावर घालून बघू म्हटलं, तर विक्रेत्याची परतीची मुदत केव्हाच संपलेली असते. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. ते ३० दिवस हातचे घालवू नयेत.

तक्रार कशी, कुठे?

१. विक्रेत्याला लेखी कळवा. फोनवर भांडण्यापेक्षा ईमेल किंवा व्हॉट्सअॅप संदेश कामाचा. नमुना असा :

"दि. ___ रोजी ऑर्डर क्र. ___ ने मापाचा वेटसूट मागवला. दि. ___ रोजी पाठवलेली मापं आपण मान्य केली होती. दि. ___ रोजी मिळालेल्या सूटचा गळा / छाती / पाठ त्या मापाप्रमाणे नाही. फोटो आणि मोजमाप सोबत जोडले आहे. सूट पाण्यात वापरलेला नाही. १५ दिवसांत आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यावा, नवा द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी."

वेबसाइटवरून खरेदी केली असेल तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्यालाही हाच मजकूर पाठवावा. ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एक महिन्यात तक्रार सोडवायची असते.

२. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. क्रमांक १९१५. मराठीतून बोलता येतं. हेल्पलाइन कंपनीला तक्रार पाठवून तडजोडीचा प्रयत्न करते; आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. तरी बरेच वाद इथेच मिटू शकतात, आणि मिटला नाही तर तक्रार क्रमांक पुढे उपयोगी पडतो.

३. जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीत असो की चेन्नईत, ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने झालेला हा मोठा फायदा. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचे वाद जिल्हा आयोगाकडे येतात आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. वकील सक्तीचा नाही. "ई-जागृती" या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं.

नोटीस मिळाल्यावर विक्रेत्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. कायद्याप्रमाणे अशी तक्रार तीन महिन्यांत, मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली निघायला हवी. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, म्हणून पहिल्या दोन पायऱ्या टाळू नयेत. निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं.

"तुम्ही धंद्यासाठी घेतलात, तुम्ही ग्राहक नाही"

गाईडने तक्रार केली की विक्रेत्याचा वकील हा मुद्दा काढू शकतो. व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागू होत नाही, हे खरं. पण स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, असं कायद्यातच स्पष्ट केलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात हा फरक समजावला : स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच असतो. त्याच न्यायाने स्वतःच्या अंगावर घालून काम करण्यासाठी एक सूट घेणारा गाईड स्वतःला ग्राहक म्हणवू शकतो. डायव्हिंग सेंटरने कामगारांसाठी वीस सूट एकदम मागवले, तर मात्र हा दावा कठीण. तिथे दिवाणी कोर्टाचा रस्ता उरतो. तक्रारीत "स्वयंरोजगारासाठी, स्वतःच्या वापरासाठी" हे शब्द स्पष्ट लिहावेत.

परदेशातून मागवला असेल तर

भारतातल्या ग्राहकांना नियमित माल विकणाऱ्या परदेशी वेबसाइटलाही आपले ई-कॉमर्स नियम लागू होतात. पण जिल्हा आयोगाचा आदेश परदेशातल्या छोट्या कारखान्याकडून वसूल करणं प्रत्यक्षात फार कठीण. तिथे खरा आधार पैसे कसे भरले याचा. क्रेडिट कार्डने भरले असतील तर "माल ठरल्याप्रमाणे नाही" या कारणाने बँकेकडे चार्जबॅक मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून लगेच अर्ज करावा. यूपीआयवर स्वतः पिन टाकून किंवा थेट खात्यात पाठवलेले पैसे असे सहसा परत येत नाहीत. सूट दुरुस्तीसाठी परत पाठवला तर जाण्या-येण्याचं कुरिअर मोठं असतं आणि भरलेली कस्टम ड्युटी आपोआप परत मिळत नाही. हा सगळा खर्च धरूनच स्वस्त-महाग ठरवावं.

नंबरच्या मास्कलाही हाच नियम

चष्म्याच्या नंबरचा डायव्हिंग मास्क मागवताना दोन्ही डोळ्यांचा नंबर आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर डॉक्टरांच्या कागदावर घ्यावं आणि त्याचाच फोटो पाठवावा. मास्क आल्यावर पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढावा. मास्क हात न लावता चिकटून राहिला तर बसला. काच चुकीच्या नंबरची असेल तर तो दोष बनवणाऱ्याचा. पण मास्कची चौकटच चेहऱ्याला बसत नसेल आणि तो मॉडेल आपण निवडला असेल, तर तक्रार कमजोर पडते. म्हणून तोच मॉडेल आधी ओळखीच्या कुणाचा किंवा जवळच्या डायव्हिंग सेंटरमध्ये लावून बघावा, मग काचांची ऑर्डर द्यावी.

जपून ठेवायचे सात पुरावे

१. जाहिरातीचा स्क्रीनशॉट
२. तारखेसह मापाचा कागद
३. विक्रेत्याने मापं मान्य केल्याचा संदेश
४. बिल आणि पैसे भरल्याची पावती
५. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ
६. सूट अंगावर घातल्याचे आणि सपाट मोजल्याचे फोटो
७. तक्रारीचे संदेश आणि मिळालेली उत्तरं

फोन बदलला, व्हॉट्सअॅप उडालं की हे सगळं जातं. म्हणून एक प्रत ईमेलवर आणि एक घरच्या दुसऱ्या फोनवर ठेवावी. वाद झालाच, तर तोंडी बोलण्यापेक्षा हे सात पुरावे जास्त कामाला येतात.